देवदिवाळीला काशीत परदेशी पाहुणा नेताय? आमच्या वहिनीला कसं लुटलं ते आधी वाचा

यंदा काशीतली देवदिवाळी म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबर २०२६ ला आहे आणि बऱ्याच जणांचं बुकिंग आत्तापासूनच चालू असेल, म्हणून आत्ताच लिहितेय. ज्यांच्या घरी परदेशी सून आहे, जावई आहे, किंवा ऑफिसमधला कुणी तिकडचा पाहुणा "मला तुमचा खरा सण बघायचाय" म्हणून मागे लागलाय, त्यांनी हे जरूर वाचा. आपण आपल्या माणसाला गर्दी, पाणी, पोटाचे विकार एवढंच समजावून नेतो, पण खरा धोका तिथे वेगळाच असतो आणि तो गोड बोलत येतो.

माझी वहिनी इटलीची. दादा आणि ती तिकडेच असतात. गेल्या वर्षी मार्चमधे तिचे वडील गेले. त्यांच्याकडे २ नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर शेवंतीची फुलं घेऊन जातात, घरोघरी तो दिवस पाळतात, आणि त्याच सुमारास ती इकडे आमच्याकडे पुण्याला आलेली. दादाला सुट्टी नव्हती. आई म्हणाली, चला, आपण तिघी काशीला जाऊ, ५ नोव्हेंबरला पौर्णिमा आहे, घाटावर तिच्या वडिलांच्या नावाने दिवा लावू. वहिनीला ते इतकं आवडलं की तिने तिच्या आईला फोन करून सांगितलं. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ज्या माणसाने तिला फसवलं त्याने नेमकं हेच पकडलं.

४ तारखेला वैकुंठ चतुर्दशी होती. आईला त्या दिवशी विश्वनाथाचं दर्शन घ्यायचंच होतं, हरि-हराच्या भेटीचा दिवस, त्यामुळे रांग प्रचंड. आत मोबाईल चालत नाही, तो बाहेर लॉकरमधे ठेवावा लागतो (लॉकर फुकट म्हणतात आणि मग पाचशेची प्रसादाची टोपली घ्यायला लावतात, आधीच विचारून घ्या). वहिनीला तेवढा वेळ उभं राहायचं नव्हतं, ती म्हणाली मी घाटावर बसते, तुम्ही या. आता कॉरिडॉर (मंदिर ते घाट रुंद रस्ता) झाल्यापासून मंदिरातून थेट गंगेकडे उतरता येतं आणि बाजूलाच मणिकर्णिका हा स्मशानघाट आहे, ती फिरत फिरत तिकडे गेली. आमचे फोन बंद, ती एकटी, चेहऱ्यावरून परदेशी. एवढं पुरेसं होतं त्या लोकांना.

आता पुढचं तिने मला रात्री सांगितलं तसं सांगते, कारण यातली एकेक पायरी ठरवून केलेली आहे आणि ती कळली तर तुमचा माणूस वाचेल.

पहिली पायरी, फोटो. तिने मोबाईल हातात घेतलेला पण फोटो काढला नव्हता. एक तिशीतला माणूस आला, साधे कपडे, चांगलं इंग्लिश, आणि म्हणाला मॅडम इथे फोटो काढू नका, मेलेल्यांच्या घरच्यांना वाईट वाटतं, पोलीस दंड करतात. यातलं पहिलं खरंच आहे, चितांचे फोटो कुणी काढूच नयेत, स्थानिक लोक चिडतात आणि बरोबरच आहे त्यांचं. वहिनी लगेच सॉरी म्हणाली आणि फोन पर्समधे टाकला. आता लक्षात घ्या काय झालं. ती मनातून ओशाळली, समोरचा माणूस तिला नियम पाळणारा सज्जन वाटला, आणि तिचा फोन आत गेला. नंतर पोलिसांनी विचारलं त्या माणसाचा फोटो आहे का, तर कुठून असणार.

दुसरी पायरी, "मी गाईड नाही, मला पैसे नकोत." हे त्याने तिला दोन-तीनदा सांगितलं. म्हणाला मी इथल्या आश्रमात सेवा करतो, मरायला आलेले गरीब म्हातारे लोक आहेत तिथे, तुम्हाला आमची परंपरा समजून घ्यायची असेल तर वरून दाखवतो. आणि त्याने माहिती खरोखर चांगली सांगितली हो. चिता पेटवायचं काम करणाऱ्या डोम समाजाकडे अग्नी असतो, तो अखंड जळत ठेवतात, बायका सहसा घाटावर का येत नाहीत, साधू, लहान मुलं, गरोदर बायका यांना का जाळत नाहीत, सगळं. वहिनी सांगत होती की मला वाटलं किती भाग्य की असा माणूस भेटला. काशीत अशी मोक्षभवनं खरंच आहेत, शेवटचे दिवस काढायला लोक तिथे येतात, त्यामुळे ती गोष्ट खोटी वाटायचं कारणच नाही. अर्धं खरं असतं म्हणूनच तर माणूस फसतो.

तिसरी पायरी, ती इमारत. घाटाच्या वरच्या बाजूला काळवंडलेली एक पडकी इमारत, जिना अंधारा, वरच्या मजल्यावरून खाली चिता दिसतात. धूर डोळ्यात जातो, उष्णता लागते. तिथे एक म्हातारी बाई जमिनीवर बसलेली, पांढरी साडी. त्या माणसाने सांगितलं ह्या आजी इथेच मरणाची वाट बघतायत, ह्यांचा आशीर्वाद घ्या. वहिनी वाकली, आजीने डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मग त्याने विचारलं, मॅडम तुमच्या घरात कुणी गेलंय का यावर्षी?

वहिनी तिथेच रडली. सांगताना परत रडली. आठ महिने झाले होते वडील जाऊन आणि २ तारखेला ती त्यांच्या कबरीपाशी नव्हती. तो म्हणाला, तुमच्या फादरच्या नावाने लाकूड द्या, ज्यांच्याकडे चितेला पैसे नाहीत अशा माणसाला ते मिळेल आणि तुमच्या फादरला शांती मिळेल. एका चितेला तीनशे किलो लाकूड लागतं, किलोला सातशे रुपये, लोक आपापल्या परीने दहा किलो, वीस किलो देतात, मनापासून द्या.

आणि मग वही काढली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची हिशेबाची वही, आत नावं, देश, आकडे. जर्मनी ३५,०००, जपान २८,०००, स्पेन २१,०००. कुठेही पाचशे किंवा हजार नाही. कमी दिलेल्याचं नाव त्यात लिहितच नसणार, किंवा सगळी पानं त्याच्याच हातची असतील. वहिनी म्हणाली अक्षर एकसारखं होतं हे मला आता आठवतंय. तिने तीस किलोचे म्हणजे २१,००० देते म्हटलं. एवढी कॅश नव्हती तर तो तिच्यासोबत गल्लीतून एटीएमपर्यंत आला, स्वतः लांब उभा राहिला, कॅमेऱ्यात यायला नको म्हणून असेल. पैसे हातात पडल्यावर परत वर वगैरे काही नाही, म्हणाला मी आजींना देतो, तुमचे घरचे वाट बघत असतील. पावती मागितली तर म्हणाला, दानाची पावती घेतली की पुण्य राहत नाही.

हे वाक्य ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो कुठल्या शास्त्रात आहे हे? मंदिराच्या काउंटरवर अकरा रुपये दिले तरी छापील पावती देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मणिकर्णिकेच्या वरच्या लाकडाच्या वखारीवर गेले. तिथे मोठा तराजू असतो, ओंडके रचलेले असतात, लाकूड मणावर विकतात. विचारलं, साधं लाकूड कसं दिलं? मणाला पाचशेच्या आसपास. मण म्हणजे चाळीस किलो. म्हणजे तीस किलोचे पावणेचारशे रुपये झाले, आणि वहिनीकडून घेतले एकवीस हजार. चंदनाचं लाकूड महाग असतं मान्य, पण तो चंदन म्हणालाच नव्हता आणि गरिबाच्या चितेला कोण चंदन घालतं. वखारवाल्याने मी काय विचारतेय ते ओळखलं, म्हणाला "कोई फॉरेनर है क्या साथ में? यह रोज का है दीदी." रोजचं आहे! शेजारचा चहावाला पण मान हलवत होता. सगळ्यांना माहितीये. ती आजी तिथे रोज बसते हेही माहितीये, तिला दिवसाचे किती मिळतात देवच जाणे, मला तिचा राग नाही येत.

मला खरा राग कशाचा आहे सांगते. घरी आल्यावर आमच्या एक नातेवाईक म्हणाल्या, जाऊ दे गं, काशीत दिलं ते कुठेही गेलं तरी पुण्यच. नाही मावशी, असं नाही. ज्या घरात माणूस मेलंय आणि लाकडाला पैसे नाहीत त्या घराला यातला एक रुपया गेला नाही. एका मुलीने बापासाठी दिलेले पैसे एका ठगाने खिशात घातले, त्याला पुण्य म्हणून आपण झाकतो म्हणून तर हे चालू राहतं. आपण देवापुढे पैशाचं बोलायला लाजतो, आणि त्या लाजेवर यांचा धंदा चालतो. बाहेरून आलेल्या माणसाला तर विधी कुठे संपतो आणि सौदा कुठे सुरू होतो हे कळायला काही मार्गच नाही. त्याला वाटतं प्रश्न विचारला तर धर्माचा अपमान होईल.

याचंच दुसरं रूप ५ तारखेला सकाळी बघितलं, पण तिथे आई होती. पौर्णिमेचं स्नान झालं, घाटावर एका छत्रीखाली बसलेल्या पंडिताकडे वहिनीच्या हातून संकल्प करायचा ठरला. दक्षिणा आधी विचारली तर म्हणाले "जो श्रद्धा हो". मग वहिनीच्या ओंजळीत फूल, अक्षता, पाणी दिलं आणि एकेक शब्द म्हणायला लावला, ती बिचारी डोळे मिटून जमेल तसं मागून म्हणत होती. नाव, वडिलांचं नाव, देश, गंगा, काशी, आणि त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, "इलेव्हन थाउजंड... ब्राह्मण भोजन... आय विल गिव्ह." ती तेही म्हणाली! तिला वाटलं मंत्रच आहे.

आई शाळेत संस्कृत शिकवायची. तिने तिथल्या तिथे हात वर केला आणि म्हणाली, "पंडितजी, रुकिए. संकल्प में रकम नहीं होती. यथाशक्ति होता है." ते म्हणाले माताजी, गंगाजी के सामने बोल दिया है, अब तो देना पड़ेगा, नहीं तो दोष लगेगा. आई म्हणाली, "दोष मला लागू दे, मी तिची सासू आहे," आणि वहिनीच्या ओंजळीतलं पाणी तिने स्वतः "यथाशक्ति" म्हणून सोडायला लावलं, पाचशे एक दिले आणि उठली. आजूबाजूचे दोन-चार लोक बघत होते, कुणी काही बोललं नाही. पुष्करला तलावावर पण परदेशी लोकांशी हेच करतात, हातात फूल देऊन संकल्प आणि मग हजारात मागणी, त्यामुळे हे फक्त काशीचं नाही. लक्षात ठेवा, आकडा पूजेच्या आधी ठरवायचा, आणि "जो श्रद्धा हो" म्हटलं तर "हमारी श्रद्धा इतनी है" म्हणून आकडा सांगूनच बसायचं. मधे आकडा आला की उठायचं, काही होत नाही.

संध्याकाळच्या नावेचं थोडक्यात सांगते. देवदिवाळीला नावेचे भाव इतर दिवसांच्या कितीतरी पट असतात हे गृहीत धरूनच आम्ही आधी फोनवर पूर्ण नाव ठरवलेली, १२,००० ला, चार हजार ॲडव्हान्स. अस्सी घाटावर पोचलो तर नावेत आधीच दहा-बाराजण बसलेले आणि वर "मॅडम फॉरेनर हैं, उनका अलग लगेगा". लाइफ जॅकेट मोजकीच. मी म्हटलं ॲडव्हान्स परत कर, तर ज्याला पैसे पाठवले तो माणूस फोनच उचलेना आणि नाववाला म्हणे मी त्याला ओळखत नाही. आम्ही वहिनीचे जास्तीचे दिले नाहीत पण उरलेले आठ हजार भरूनच बसावं लागलं, कारण तोपर्यंत अंधार पडायला आलेला आणि दुसरी नाव मिळणं शक्य नव्हतं. तुम्ही बुक कराल तेव्हा मेसेजमधे लिहून घ्या: पूर्ण नाव की शेअर, कुठल्या घाटावरून कुठपर्यंत, किती तास, किती माणसं, परदेशी पाहुणा आहे आणि भाव तोच राहील. नावेवर रंगवलेला नंबर असतो त्याचा फोटो मागवा. आणि शक्यतो आदल्या दिवशी स्वतः घाटावर जाऊन नाववाल्याशीच बोला, मधल्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नका.

सण बघू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंनी बांधलेला दगडी हजारा दीपस्तंभ आहे, त्याच्यावर दिवे लागलेले बघितल्यावर आईने हात जोडले. तिने पुण्याहून तुपात भिजवलेली साडेसातशे वातींची त्रिपुरवात डब्यात घालून आणलेली, ती वहिनीने लावली. असं काही दुसरीकडे बघायला मिळत नाही. आणि आम्ही राहिलो तिथल्या घरच्या काकूंनी वहिनीची हकीकत ऐकून जेवणाचे पैसे घ्यायचं नाकारलं, तेही काशीचेच लोक. म्हणूनच जास्त लागतं. हा सण सगळा माणसांच्या भरवशावर उभा आहे आणि मूठभर लोक तोच भरवसा विकून खातात.

तक्रारीचं म्हणाल तर चौकीत गेलो, साहेबांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला. पण नाव नाही, फोटो नाही, कॅश स्वतःच्या हाताने दिलेली, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. नावेचा ॲडव्हान्स ऑनलाइन होता म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे तक्रार नोंदवून घेतली आणि नंबर मिळाला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर जितक्या लवकर १९३० ला कळवाल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त, दोन दिवस विचार करत बसू नका.

ज्यांना खरंच गरिबाच्या अंत्यसंस्कारासाठी द्यायचंय त्यांनी वखारीवर जाऊन समोर तोलून घेतलेल्या लाकडाचे पैसे वखारवाल्यालाच द्यावेत, ते ज्या घरासाठी आहे त्यांच्यासमोर. मंदिराला द्यायचं असेल तर ट्रस्टच्या काउंटरवर किंवा त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर. सुगम दर्शनाचं (पैसे भरून लवकर दर्शन) तिकीटसुद्धा तिथेच काढा, गल्लीत "जल्दी दर्शन करवा देंगे" म्हणणाऱ्याकडून नाही.

आणि पाहुण्याला एकटं सोडायची वेळ आली तर त्याला आधी हे सांगून ठेवा: कुणी "मला पैसे नकोत" म्हणत जवळ आला तर त्याच्यासोबत कुठल्याही इमारतीत जिना चढायचा नाही, घरात कोण गेलं हे सांगायचं नाही, कुणाबरोबर एटीएमला जायचं नाही. एक हिंदी वाक्य पाठ करून घ्या, "मेरे घरवाले आ रहे हैं, उनसे बात कीजिए". आम्ही हे वहिनीकडून नंतर पाठ करून घेतलं आणि सारनाथला तिने ते एका मागे लागलेल्या माणसाला म्हणून दाखवलं तर तो लगेच वळला.

२०२७ ला नाशिकचा सिंहस्थ आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला, रामकुंडावर आणि त्र्यंबकला जगभरातून लोक येतील आणि त्यात आपल्या घरचे, ओळखीचे बरेच परदेशी असतील. नाशिककरांनो, कुणी गोऱ्या माणसाला बाजूला घेऊन वही दाखवताना दिसलं तर त्या चहावाल्यासारखी नुसती मान हलवू नका, जाऊन विचारा, काय भाऊ, कशाची वही आहे.

पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन १३६३ आहे, टोल फ्री, चोवीस तास, हिंदी-इंग्लिश सोडून दहा परदेशी भाषांमधे बोलतात, त्यात इटालियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जपानी सगळ्या आहेत. पाहुणा विमानतळावर उतरला की पहिलं काम म्हणजे हा नंबर त्याच्या फोनमधे सेव्ह करून द्या, आणि त्याच्यासमोर एकदा लावून बघा.